हवेची मर्जी आणि झूम नेत्रिका

पावसाळा सरून आकाश धुवून निघाले, की घरी दुर्बीण बाळगणाऱ्या वाचकांकडून या सदराकडे येणाऱ्या पृच्छांमध्ये एक पृच्छा ठरलेली असते: दुर्बिणीबरोबर मिळालेल्या नेत्रिकांवर समाधान होत नाही, तेव्हा निरनिराळ्या नाभीय अंतरांच्या आणखी तीन-चार नेत्रिका जमवाव्यात, की एकच झूम नेत्रिका घेऊन हा मामला कायमचा निकालात काढावा? जुन्या निरीक्षकांचे याला उत्तर बहुधा नकारार्थी असते. झूम म्हणजे नवशिक्यांची तडजोड, असा समज त्यांच्यात रूढ आहे. आणि तो निम्मा खरा असला, तरी उरलेल्या निम्म्यात झूमवर अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम हिशेब मांडू. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले असता विशालन मिळते. आठ इंच व्यासाची आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन दुर्बीण हौशी मंडळींत पुष्कळ प्रचलित आहे. तिला २४ मिलिमीटरची नेत्रिका लावली असता ५० पट आणि ८ मिलिमीटरची लावली असता १५० पट विशालन मिळते. बाजारातील बहुतेक झूम नेत्रिका ८ ते २४ मिलिमीटर याच हद्दीतील असून, त्यांचे कडे फिरविताच आतील भिंगांच्या गटांमधील अंतर बदलते आणि ५० ते १५० यांमधील हवे ते विशालन, नेत्रिका नळीतून न काढता, निरीक्षकाच्या हाती येते.

हाताची ही सोय लहान नाही. डॉब्सोनियनला आकाशाबरोबर आपोआप फिरण्याची विद्या सहसा अवगत नसते, आणि १५० पटींत दिसणारा आकाशाचा तुकडा जेमतेम चार दशांश अंशाचा असल्यामुळे, खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सुमारे दीड मिनिटात या कडेपासून त्या कडेपर्यंत जाऊन दृष्टिआड होतो. त्या अवधीत अंधारात एक नेत्रिका काढून, दुसरी बसवून, पुन्हा रेखीवपणा साधेपर्यंत तारा निसटलेला असतो. तथापि झूमची थोरवी मी या सोयीत मानीत नाही.

दुर्बिणीचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याची दुप्पट करावी, तेवढे विशालन ती कमाल सोसते, असा एक ढोबळ दंडक आहे, आणि त्यानुसार आठ इंची दुर्बिणीस ४०० पटींची सनद मिळते. परंतु ही सनद कागदावरची असून अंमल चालतो तो हवेचा. दिवसभर तापलेल्या गच्चीच्या काँक्रीटमधून सूर्यास्तानंतर कित्येक तास उष्णता वर निघत राहते, घरातून बाहेर आणलेला आरसा निवायला वेळ घेतो, ग्रह क्षितिजालगत असला तर त्याचा प्रकाश हवेच्या अधिक जाड थरातून येतो, आणि या सर्वांच्या वर उंचावरील वाऱ्यांचा स्वतंत्र कारभार चालू असतो. परिणामी ज्या गुरूचे पट्टे काल १५० पटींत रेखीव दिसले, तोच गुरू आज तेवढ्याच विशालनात उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा थरथरतो, आणि ११५ किंवा १२० पटींत मात्र त्या पट्ट्यांच्या कडांवरील बारीक गाठीसुद्धा अधूनमधून दाखवून जातो. ज्याच्या पेटीत १२ आणि ८ मिलिमीटरच्या दोनच नेत्रिका आहेत, त्याला १०० आणि १५० यांच्या मधली ही जागा कधी कळतच नाही. झूमवाल्याने डोळा न काढता कडे सावकाश फिरवावे. प्रतिमा मोठी होत असूनही तपशील वाढेनासा होतो असा एक बिंदू येतो, तेथून किंचित मागे यावे, म्हणजे त्या रात्रीने किती विशालन मंजूर केले आहे याची खातरजमा होते. अभिजितजवळच्या प्रसिद्ध दुहेरी जोडताऱ्यावर हा प्रयोग अवश्य करावा: कमी विशालनात दोन दिसणारे ते तारे कडे फिरता फिरता चार होतात, आणि ते नेमके कोठे चार झाले, हेच त्या रात्रीच्या हवेचे मोजमाप होय.

आता दोषांची बाब. झूम नेत्रिकेचे दृश्य क्षेत्र सर्वत्र सारखे राहत नाही: ८ मिलिमीटरच्या टोकाला ते साठ अंशांच्या आसपास भरते, पण २४ च्या टोकाला आक्रसून चाळिशीत येते. म्हणजे विशाल तारकागुच्छांसाठी जेथे औदार्य हवे, तेथेच ती कृपण होते. शर्मिष्ठा आणि ययाती यांच्या दरम्यानचा जोडगुच्छ सुमारे एक अंशभर पसरलेला आहे. आपल्या डॉब्सोनियनमध्ये झूम २४ वर ठेवली असता एक अंशाहून कमीच आकाश दिसते आणि गुच्छांच्या कडा कापल्या जातात. व्हिएन्नाच्या गेओर्ग सिमोन प्लॉस्ल यांच्या १८६० मधील रचनेवर आधारलेली, ३२ मिलिमीटरची साधी प्लॉस्ल नेत्रिका तेथे सव्वा अंशाहून थोडे अधिक आकाश देते, आणि दोन्ही गुच्छ काळ्या पार्श्वभूमीसह सुखाने मावतात. शिवाय कडे फिरविल्यावर नाभीयन थोडे पुन्हा जुळवावे लागते. जाहिराती याविषयी बहुधा मौन पाळतात.

आखूड दुर्बिणींचा न्याय निराळा आहे. १३० मिलिमीटर व्यासाच्या, ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत हीच झूम २७ ते ८१ पटींतच घुटमळते, आणि ग्रहांसाठी तेवढे पुरत नाही. तेथे दुप्पट करणारे बार्लोचे भिंग जोडावे, अथवा केवळ जास्त विशालनासाठी काढलेली झूम पाहावी. अल नॅगलर यांच्या टेलेव्ह्यू कंपनीची ३ ते ६ मिलिमीटरची झूम या प्रकारातली असून तिचे क्षेत्र सर्वत्र पन्नास अंश राहते. परंतु तिला डोळा अगदी जवळ न्यावा लागतो, त्यामुळे दृष्टिवैषम्यामुळे चष्मा न उतरविणाऱ्यांची ती अडचण करते. निव्वळ जवळच्या वा दूरच्या नंबराचा चष्मा असेल तर तो खुशाल काढून ठेवावा. नाभीयनात त्याची भरपाई होते.

विकत घेताना कडे फिरवून पाहावे. ते इतके घट्ट असेल की फिरविताना दुर्बीणच हलते, किंवा इतके सैल की आपोआप सरकते, तर ती नेत्रिका कितीही स्वस्त असली तरी परत ठेवावी. कोकणातील आणि मुंबईतील वाचकांनी तर पावसाळ्यात ती सिलिका जेलसह हवाबंद डब्यातच ठेवावी, कारण आतील भिंगांवर बुरशी चढली तर झूम घरी उघडून साफ करणे साध्या नेत्रिकेहून कितीतरी अवघड असते. शक्य असल्यास पुण्याची, १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचे खगोल मंडळ अशा एखाद्या संस्थेच्या आकाशदर्शनास जाऊन, एखाद्या सभासदाच्या झूममधून आधी गुरू पाहून घ्यावा.

आठ इंची डॉब्सोनियनच्या धन्यास माझी शिफारस अशी: ८ ते २४ मिलिमीटरची एक चांगली झूम आणि तिच्या जोडीला ३२ मिलिमीटरची एक प्लॉस्ल घ्यावी, आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत तिसरी नेत्रिका घेऊ नये.