टोपलीतल्या कुड्या

गेल्या लग्नसराईत नात्यातल्या लग्नाला हुबळीला गेलो होतो. सकाळी लॉज सोडून कार्यालयाकडे निघालो आणि वाटेतच सासूबाईंचा हात कानाकडे गेला. मोत्यांच्या कुड्या नव्हत्या! रात्री काढून, हात पुसायच्या कागदात गुंडाळून त्यांनी त्या बेसिनवर ठेवल्या होत्या. "खोली झाडणाऱ्या पोरानंच नेल्या असणार," गाडीत कुणीतरी म्हणाले. खरे सांगते, मीही मान डोलावली.

गाडी मागे वळवली. मॅनेजरांनी त्या पोराला बोलावले. आमच्या चेहऱ्यांवरचा संशय त्याला दिसला असणारच. पण त्याने एवढेच विचारले, "कागददाग सुत्ती इट्टिद्रेन्री, अक्कार?" आणि होय म्हणताच तो मागच्या अंगणात गेला. कचऱ्याची गाडी अजून यायची होती. आमच्या मजल्याची पिशवी वर्तमानपत्रावर उपडी करून, केळ्यांच्या साली बाजूला सारत, तो एकेक चुरगळलेला कागद उलगडू लागला. अर्ध्या तासाने कुड्या हाती लागल्या. तेव्हा कुठे मला आठवले: निघायच्या घाईत बेसिनवरचे कागद गोळा करून मीच टोपलीत टाकले होते!

मॅनेजर म्हणाले, असे नेहमीच होते. कवळी, कानाचे यंत्र, अंगठी, कागदात गुंडाळले की सारे कचऱ्यासारखेच दिसते. चांगल्या हॉटेलांत खोलीत राहिलेली वस्तू कुलपात ठेवतात. तारीख, खोली नंबर, वस्तू कुठे आणि कुणाला सापडली, हे वहीत लिहितात. टोपलीबाहेरची साधी चिठ्ठीसुद्धा फेकायची नाही, असा दंडक असतो. पण टोपलीतले म्हणजे पाहुण्याने स्वतः टाकलेले. ते उपसून शोधणे हा निव्वळ चांगुलपणा.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 71 प्रमाणे, दुसऱ्याची सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याने ती ठेवीसारखी सांभाळायची असते. मालक ठाऊक असूनही ती हडप करणे हा गुन्हा आहे. नोकरमाणसावर उगाच आळ घेतला, तर त्याची नोकरी जाऊ शकते, याचा विचार मात्र आपण किती करतो?

म्हणून मैत्रिणींनो, प्रवासात दागिने किंवा कवळी कागदात गुंडाळू नका. रंगीत बटवा किंवा डबी ठेवा. खोली सोडताना टोपलीतही एकदा डोकावा. काही राहिलेच, तर ताबडतोब फोन करा. कचऱ्याची गाडी येऊन गेली की इलाज नाही. आणि "चोरलं" म्हणण्याआधी "राहिलं" म्हणा.

कुड्या मिळाल्याची सही करायला मॅनेजरांनी वही पुढे केली. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले, 'चूक आमची होती.' त्या मुलाला वाचता यावे म्हणून कन्नडमध्ये लिहिले.