वाळूचा जमाखर्च

आमच्या तालुक्याचे नाव समुद्रपूर. जाम हे त्यातलेच एक गाव; नागपूर-हैदराबाद रस्त्याला जिथून चंद्रपूरचा फाटा फुटतो ते. समुद्र इथून सात-आठशे किलोमीटर. तरीही आज समुद्राविषयी लिहितो आहे, आणि तेही कोकणातल्या वाचकांपेक्षा वर्धा, हिंगणघाट, वरोऱ्याच्या वाचकांसाठी. दिवाळीच्या सुटीत आणि डिसेंबरात आपल्याकडची कुटुंबे, शाळांच्या सहली कोकणात उतरतात. समुद्र प्रथमच पाहणारा वैदर्भीय माणूस एका दुपारी जितके फोटो काढतो, तितके किनाऱ्यावरचा माणूस वर्षभरात काढत नसेल. मात्र या सगळ्या फोटोंत पाठ समुद्राकडे आणि तोंड कॅमेऱ्याकडे असते. त्यातला एक फोटो माणसांविना, ठरलेल्या जागेवरून काढावा आणि तारीख-वेळेसह जपून ठेवावा, एवढेच माझे मागणे आहे.

१९९०च्या दशकात कोकणातल्या एका शाखेत मी तीन वर्षे होतो. माडाच्या एका वाडीवर कर्ज होते आणि तारण पाहायला मी गेलो होतो. सातबाऱ्यावर वाडीचे क्षेत्र गुंठ्यांत स्वच्छ लिहिलेले. वाडीचे मालक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. ते मला पार पाण्याच्या कडेला घेऊन गेले, लाटांकडे बोट दाखवले आणि म्हणाले, ‘साहेब, आमची शेवटची रांग तिथे होती.’ तिथे पाणी होते. कागदावर जमीन होती. रांग कोणत्या साली गेली, एका वादळात गेली की दहा पावसाळ्यांत, हे त्यांना सांगता येईना आणि दुसऱ्या कुणाकडे लिहिलेले नव्हते. माणूस खरे बोलत होता याविषयी मला शंका नव्हती. पण फाइलीला खरेपणा पुरत नाही, तिला नोंद लागते.

आता नोंद अजिबात नाही असे नव्हे. चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रे तपासून देशाचा किनारा मोजला. देशाचा सुमारे एक तृतीयांश आणि महाराष्ट्राचा सुमारे एक चतुर्थांश किनारा धुपतो आहे, असा त्याचा निष्कर्ष. काम मोठे आहे. पण नेहमीच्या उपग्रहचित्रांना ढगांपलीकडचे दिसत नाही, आणि आपल्याकडे समुद्र खरे काम करतो तो नेमका पावसाळ्याच्या चार महिन्यांत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, मे २०२१मध्ये ‘तौक्ते’ कोकणाला घासून गेले. अशा वेळी एखाद्या वाडीपुढची वाळू आठवड्यात किती गेली आणि पुढे किती परत आली, हे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसालाच सांगता येते.

परत आली, हा शब्द महत्त्वाचा. वाळूचे खाते बचत खात्यासारखे असते. पावसाळ्यातल्या उंच लाटा वाळू ओढून समुद्राच्या तळाशी, थोड्या अंतरावर नेऊन ठेवतात. दिवाळीनंतरच्या शांत लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. म्हणून ऑगस्टातली शिल्लक पाहून ‘किनारा गेला’ म्हणून ओरडणे जितके चुकीचे, तितकेच मे महिन्यातली रुंद पुळण पाहून निश्चिंत होणेही. यंदाच्या डिसेंबरची तुलना गेल्या डिसेंबरशीच करायची. आणि सुट्या दरवर्षी त्याच त्या महिन्यांत येत असल्याने पर्यटक त्याच सुमारास तिथे हजर असतो. त्याच्या हौसेला अशी शिस्त आपोआपच आहे.

दुसरी भानगड भरती-ओहोटीची. सपाट पुळणीवर पाण्याची कड सहा तासांत कितीतरी सरकते, तेव्हा वेळ न लिहिलेला फोटो शोभेचाच. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. मोबाइल आता वेळ स्वतःच नोंदवतो. पण तिथी ठाऊक असली तर आपण काय पाहतो आहोत ते कळते.

हे कुठे होते का? ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत २०१७ साली विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘कोस्टस्नॅप’ नावाची युक्ती काढली. किनाऱ्यालगत उंचावर लोखंडाची एक खोबण पक्की बसवायची. येणाऱ्याजाणाऱ्याने तीत मोबाइल ठेवावा, फोटो काढावा, पाठवून द्यावा. खोबण हलत नाही, म्हणून हजार अनोळखी माणसांचे फोटो एकाच जागेवरून काढल्यासारखे येतात. भरतीचा हिशेब करून संगणक त्यातून किनाऱ्याची रेषा काढतो. आज अनेक देशांत अशा खोबणी आहेत. त्याआधीच, १९९९ पासून, कॅरिबियन बेटांवरची शाळकरी मुले युनेस्कोच्या ‘सँडवॉच’ उपक्रमात पुळणी मोजू लागली होती.

परदेशाचे दाखले पटत नसतील त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जावे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. घरटे कधी सापडले, अंडी किती, पिल्ले किती पाण्यात गेली, हे गावातली माणसे लिहीत आली. ज्या वाळूत घरटे होते तीच राहिली नाही तर कासव अंडी घालणार कुठे? मग त्याच वहीत वाळूचा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?

हौशी माणसांच्या नोंदी सरकार मानणार नाही, असे कुणी म्हणेल. आपल्याला, पिकांच्या पैसेवारीवरून पिढ्यानपिढ्या भांडत आलेल्यांना, हा अनुभव नवा नाही. परंतु पैसेवारीत शेतकरी हरतो तो त्याच्या हाती स्वतःचे आकडे नसतात म्हणून. मालवणजवळचे देवबाग कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. तिथले लोक वर्षानुवर्षे धूपप्रतिबंधक बंधारा मागत आले. बंधारा कुठे हवा आणि कुठे नको, हा साधा प्रश्न नाही. एका वाडीपुढे दगड टाकले की लाटांचा मारा पुष्कळदा बंधाऱ्याच्या टोकाशी वळतो आणि शेजारच्याची वाळू जाते. नोंद नसली की ज्याचा आवाज मोठा, त्याच्यापुढे दगड पडतात.

मास्तरांसाठी एक कृती सांगतो. अमेरिकी भूवैज्ञानिक एमरी यांनी १९६१ साली ती मांडली. पाच फुटांच्या दोन सारख्या काठ्या घ्या, त्यांच्यावर वरच्या टोकापासून खाली इंचांच्या खुणा करा. एक काठी समुद्राकडे, दुसरी ठरलेल्या अंतरावर जमिनीकडे उभी धरा. जमिनीकडच्या मुलाने पुढच्या काठीचे टोक क्षितिजाशी जुळवायचे. ती रेषा त्याच्या काठीला जिथे छेदते, तितके इंच पुळण उतरली. सुरूच्या झाडापासून किंवा देवळाच्या पायरीपासून पाण्यापर्यंत असे करत जायचे. अर्ध्या तासात किनाऱ्याचा उतार कागदावर येतो. ओहोटीची वेळ धरावी. पावसाळ्यात किंवा ओल्या खडकांवर मुलांना मुळीच उतरवू नये. आकड्यांची एक प्रत तिथल्या गावच्या शाळेत द्यायची, एक आपल्या शाळेत, पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी. काठ्या मात्र इथूनच करून न्याव्यात. एसटीच्या दोन बाकांमधल्या वाटेत पाच फुटांची काठी सहज मावते.