चिंटू कुणाचा, पेन्सिल कुणाची?

बुलढाणा जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये आम्ही मुलांची अभ्यासिका चालवतो. एकदा मुलांना सांगितले, पेपरात येते तशी आपल्या घराची चित्रमालिका काढा. बहुतेकांनी गॅलरीचा फ्लॅट आणि सोफा काढला. टिनाचे छप्पर, विहार, कापूस वेचायला जाणारी आई कुणीच काढली नाही. का?

मराठीतली सर्वात गाजलेली चित्रमालिका म्हणजे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू'. 21 नोव्हेंबर 1991 रोजी तो 'सकाळ'मध्ये सुरू झाला, पुढे 'लोकसत्ता'त गेला, त्याची पुस्तके आली, 2012 मध्ये सिनेमाही आला. रोज नवा विनोद, तोही वर्षानुवर्षे, हे सोपे काम नाही. त्या मेहनतीला आमचा सलाम. त्यांनी पाहिलेले शहरी मध्यमवर्गीय घर प्रामाणिकपणे काढले. आमचे भांडण त्यांच्याशी नाही.

भांडण आहे ते एका वर्गाच्या बालपणाला 'सगळ्यांचे बालपण' म्हणणाऱ्यांशी. आम्ही वाचलेल्या चौकटींत 14 एप्रिलची मिरवणूक आम्हाला कधी दिसली नाही. काही म्हणतील, विनोदात जात कशाला आणता? जात आम्ही आणली नाही. कोण दिसतो आणि कोण दिसत नाही, हे आधीच ठरलेले असते.

आणि आपण दिसलो तर कसे? 1949 मध्ये शंकर यांनी संविधानाची गोगलगाय काढून तिच्यावर चाबूक घेतलेले बाबासाहेब बसवले. तेच चित्र शालेय पाठ्यपुस्तकात छापले गेले आणि 2012 मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. उन्नमती श्याम सुंदर यांनी 1932 ते 1956 या काळातली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे गोळा करून 2019 मध्ये पुस्तक केले. ते चाळा, म्हणजे पेन्सिल कुणाच्या हातात होती ते कळेल.

मित्रांनो, दर वेळी फक्त निषेधाचे निवेदन देऊन भागणार नाही. 'केसरी'ने पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही, म्हणून बाबासाहेब रडत बसले नाहीत. 31 जानेवारी 1920 ला त्यांनी आपले पत्र काढलेच. आपणही प्रत्येक विहारात मुलांचे भित्तिपत्रक सुरू करू. कोरा कागद, पेन्सिल आणि चार चौकटी, एवढेच भांडवल लागते. आपल्या पोरांवर दुसऱ्यांनी हसण्याआधी आपल्या पोरांना स्वतःचे हसू काढता आले पाहिजे.

जय भीम!