उसाचे औषध कोंबडीला नको

ऊस विकास खात्याने कोंबड्यांवर लेख लिहावा याचे काहींना हसू येईल. लागण, खोडवा, हुमणी, ठिबक यांवर आम्ही लिहीतच असतो आणि पुढेही लिहू. पण यंदाच्या सुरू लागणीच्या वेळी एका वस्तीवर जे पाहिले ते मनातून जात नाही, आणि त्यात आमच्या खात्याचाही थोडा दोष आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

त्या सभासदाने आमच्या सांगण्याप्रमाणे बेणेप्रक्रिया केली होती. बॅरलमध्ये पाणी, त्यात डायमेथोएट आणि बुरशीनाशक, टिपऱ्या दहा-पंधरा मिनिटे बुडवून लागण. काम चोख. संध्याकाळी बॅरलच्या बुडाशी थोडे पाणी उरले. घरात कोंबड्यांना उवा झाल्याची तक्रार होतीच. पाणी पातळ झाले असेल म्हणून मालकांनी त्यात बुचभर औषध आणखी ओतले आणि एकेक कोंबडी बुचकळून काढली. दिवेलागणीला कोंबड्या चोचीतून लाळ गाळू लागल्या, थरथरल्या, पाय ताणून पडल्या. नऊपैकी सात रात्रीतच गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही प्लॉट पाहायला गेलो तेव्हा घरची बाई म्हणाली, "साहेब, उसाला चालतंय ते कोंबडीला का न्हाई चालत? तुम्ही तर काय बोलला न्हाई." आम्हांला उत्तर सुचले नाही. बेण्याला औषध किती घ्यायचे हे आम्ही तीनदा सांगितले होते. उरलेल्या पाण्याचे काय करायचे, हे एकदाही नाही.

हे नुकसान सात कोंबड्यांचे, असे म्हणून सोडून देता येणार नाही. उसाचे बिल सभासदाच्या नावावर निघते, त्यातून सोसायटीची वसुली होते आणि उरेल ते घरी येते. अंड्यांचा पैसा मात्र आठवड्याच्या बाजाराला बाईच्या हातात पडतो. पोरांच्या वह्या, तेलमीठ, कधी दवाखाना त्यातून भागतो. शिवाय ती अंडी घरची पोरेच खातात. कोंबडीच्या कातडीला लावलेले विष तिच्या चरबीत आणि तिथून अंड्यात उतरते, हे लक्षात घ्यावे. 2017 साली हॉलंड आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या घरांत तांबड्या किडीसाठी फिप्रोनिल वापरल्याचे उघडकीस आले आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. हेच फिप्रोनिल आपण उसात हुमणीसाठी आणि खोडकिडीसाठी वापरतो. डबा तोच, कपाटही बऱ्याच घरांत तेच.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की आधी कोंबडीची कातडी नीट पाहावी, मग औषधाचे बोलावे. दहातल्या निम्म्या वेळा विषारी औषधाची गरजच पडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

पाहायचे कसे? कोंबडी खुराड्यात बसली की संध्याकाळी शांतपणे धरावी, उजेडात आणावी, पिसे उलटी फुंकून मुळाशी पाहावे. शेपटीखाली, पंखांच्या बगलेत, मांड्यांच्या आत, मग तुरा, डोळ्यांच्या कडा आणि शेवटी पाय.

पिसांच्या मुळाशी गवताच्या रंगाचे चपटे किडे पळताना दिसले आणि शेपटीखालच्या पिसांना पांढऱ्या लिखांचे गठ्ठे चिकटलेले असले तर त्या उवा. ऊ कोंबडीच्या अंगावरच जन्मते आणि तिथेच मरते, त्यामुळे इलाजही अंगावरच. कोरडी बारीक माती आणि चाळलेली चुलीची राख समप्रमाणात एका उथळ खड्ड्यात किंवा घमेल्यात ठेवावी, वर आडोसा करावा. कोंबड्या आपण होऊन त्यात लोळतात. लिखांचे गठ्ठे असलेली पिसे कापून जाळावीत. एवढ्याने भागले नाही तर जनावरांच्या डॉक्टरांकडून पावडर घ्यावी आणि ती दहा दिवसांनी पुन्हा लावावी, कारण औषधाने लिखा मरत नाहीत आणि नवी पैदास पुन्हा होते. एकदाच लावून "गुण आला नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

अंगावर दिवसा काहीच सापडत नाही, पण कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला तयार होत नाहीत, झाडावर जाऊन बसतात, तुरा फिका पडतो, असे असेल तर संशय तांबड्या किडीचा घ्यावा. ही कीड दिवसा फळ्यांच्या फटीत, बांबूच्या पेरात दडते आणि रात्री रक्त पिते. उपाशी असते तेव्हा राखाडी, प्यायली की तांबडी. रात्री बॅटरी घेऊन जावे, कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या अंगाने पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर रक्ताचे ठिपके उमटले की निदान झाले. माणसालाही ती चावते. खुराडे झाडणाऱ्या बाईच्या हाताला खाज सुटली तर तिकडेही पाहावे. इथे कोंबडीला औषध लावून काही होत नाही, घर साफ करावे लागते. खुराडे रिकामे करून खरवडावे, फटीफटीत उकळते पाणी ओतावे, वाळल्यावर चुना मारावा आणि आठ दिवसांनी हेच पुन्हा करावे, कारण गरम हवेत या किडीची पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते. खुराडे नुसते बंद ठेवून ती मरत नाही, कित्येक महिने उपाशी तग धरते. खाली अंथरलेले पाचट बाहेर काढून जाळावे. शेतातले पाचट जाळू नका म्हणून आम्ही वर्षभर कानीकपाळी ओरडतो, हे एवढे मात्र खुशाल जाळा, घरापासून आणि उसापासून लांब. मातीच्या भिंतींच्या भेगांत कोंबड्यांची गोचीडही अशीच दडते. तिची पिल्ले पंखाखाली काही दिवस चिकटून राहतात. भेगा लिंपून घेणे हा त्यावर पहिला उपाय.

पायाचे खवले उचकटलेले, त्याखाली चुन्यासारखी पांढरट खपली, पाय जाड आणि कोंबडी लंगडते, ही पायाची खरूज. जुन्या कोंबड्यांत जास्त. खवल्यांखाली इतकी बारीक कीड असते की डोळ्यांना दिसत नाही. आमच्या भागात यावर रॉकेल, डिझेल नाहीतर ट्रॅक्टरचे जळके ऑइल लावतात. त्याने कातडी भाजते. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवावेत, मऊ ब्रशने हळू चोळावेत, खपली ओरबाडू नये. पुसून खोबरेल, करंज तेल किंवा व्हॅसलीन जाड लावावे. तेलाने किडीचा श्वास कोंडतो. दर दोन-तीन दिवसांनी असे तीन आठवडे करावे. धीर लागतो खरा, पण खर्च जवळजवळ नाही. उचकटलेला खवला पडून नवा यायला मात्र आणखी वेळ जातो.

आता देवी. तुऱ्यावर, पापण्यांवर, चोचीच्या कोपऱ्यात आधी फोड, मग चामखिळीसारख्या काळपट खपल्या. नाव देवी असल्याने बऱ्याच घरांत औषधपाणी थांबते. कुणाच्या श्रद्धेला आम्ही हात लावत नाही, पण हा कोंबड्यांचा विषाणू आहे, तो माणसाला होत नाही. माणसाच्या देवीचा रोग वेगळा आणि तो 1980 साली जगातून गेल्याचे जाहीर झाले. कोंबड्यांच्या देवी डास पसरवतात, आणि आपल्या बागायती गावात पाट, गटार आणि घरामागची सांडपाण्याची डबकी ही डासांची सोयच आहे. विषाणू मारणारे औषध नाही. आजारी कोंबडी वेगळी ठेवावी, डोळे चिकटले असतील तर कोमट पाण्याने पुसावेत, मऊ खाणे तोंडाशी द्यावे. खपल्या नखाने काढू नयेत. गळालेल्या खपल्या गोळा करून जाळाव्यात, कारण त्यांत विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो. बहुतेक कोंबड्या तीन-चार आठवड्यांत बऱ्या होतात. तोंडात पिवळट चिकट साका दिसला आणि श्वासाला घरघर लागली तर मात्र वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

पिसे गळाली की घाबरून जाणारेही आहेत. वर्षातून एकदा कोंबडी पिसे टाकते, तेव्हा कातडी स्वच्छ असते आणि नव्या पिसांच्या नळ्या फुटलेल्या दिसतात. नुसती पाठ उघडी पडली असेल तर तो बहुधा कोंबड्याच्या नख्यांचा प्रताप.

देवीवर खरा उपाय लसीचा, सहा ते आठ आठवड्यांच्या पिलांना, पावसाळ्यापूर्वी. पंखाच्या पातळ कातडीत टोचतात आणि आठवडा-दहा दिवसांनी तिथे बारीक गाठ आली की लस लागू पडली असे समजावे. अडचण अशी की एका बाटलीत पुष्कळ कोंबड्यांचे डोस असतात आणि कालवलेली लस तास-दोन तासांतच संपवावी लागते. पाच-सात कोंबड्यांसाठी बाटली कोण फोडणार? एकट्या घराला हे जमत नाही. ऊसही आपल्याला एकेकट्याने गाळता आला नाही म्हणून तर हा कारखाना उभा राहिला. गटवार एक दिवस ठरवून डॉक्टर, लस आणि बर्फाचा डबा यांची सोय कारखान्याने करावी, असे आम्ही संचालक मंडळापुढे मांडणार आहोत. आणि बेणेप्रक्रियेची प्रात्यक्षिके यापुढे घरच्या बायकांना बोलावल्याशिवाय घेऊ नयेत, हेही. औषधाचा डबा शेवटी त्याच आवरून ठेवतात.

तोपर्यंत ज्यांना लस हवी आहे त्यांनी पिलांची संख्या आपल्या चिटबॉयकडे लिहून द्यावी. दिवस ठरला की त्या सकाळी डॉक्टर येईपर्यंत खुराडे उघडू नये. पिले एकदा उसात शिरली की आमचे सगळे शेती खाते लावले तरी ती हाती लागणार नाहीत.