रस्ता रुंद करण्यापूर्वी

आरोग्याच्या सदरात रस्त्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील ज्या घरांत सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, तेथे आरोग्य आणि रस्ता हे दोन विषय वेगळे राहिलेले नाहीत. तज्ज्ञ डॉक्टर कल्याणला, उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, कळव्याला किंवा थेट मुंबईत. त्यांची वेळ सकाळी अकराची मिळाली, तर टोकावडे वा धसई परिसरातील कुटुंबाचा दिवस पहाटेच सुरू होतो.

या प्रवासाचे परिणाम तपासणीच्या कागदावर उमटत नाहीत. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणारे अनेक ज्येष्ठ प्रवासाच्या दिवशी ती गोळी मुद्दाम टाळतात. वाटेत कोंडी लागली तर उतरायचे कोठे, ही त्यांची रास्त चिंता असते. त्याच भीतीने पाणीही घोटभरच पितात. मग दवाखान्यात पोहोचल्यावर रक्तदाब चढलेला दिसतो किंवा चक्कर येते, आणि डॉक्टर औषध बदलून देतात. आपण घरातील रुग्णाची काळजी घेत असाल, तर एवढे अवश्य करा : गोळी परस्पर चुकवू न देता प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. मात्र कोंडीवर औषध डॉक्टरांपाशी नाही, आणि आजचा विषय तोच आहे.

कोंडीवर आपल्याकडे एकच उपाय सर्वांच्या तोंडी असतो : रस्ता रुंद करा. माजिवड्यापासून भिवंडीजवळच्या वडपेपर्यंतचा मुंबई-नाशिक महामार्ग, सुमारे चोवीस किलोमीटरचा, आठपदरी करण्याचे काम राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. हे आमणे वडपेच्या जवळच आहे. म्हणजे ७०१ किलोमीटरवरून येणारी वाहने ठाण्याच्या तोंडाशी याच रस्त्यावर उतरतात. दुसऱ्या बाजूला कल्याण, मुरबाड, माळशेज घाट असा अहिल्यानगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ आहे. त्याच्या कडेने जसजशी वस्ती वाढते, तसतशी तेथेही रुंदीकरणाची मागणी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

रुंद रस्ता वाईटच, असे म्हणण्याचा हेतू नाही. रुग्णवाहिकेला मोकळी वाट हवी, आणि खड्डे व अरुंद पूल यांनी माणसे दगावतात. माझे म्हणणे एवढेच, की कोट्यवधी रुपये आणि गावांची जमीन खर्ची पडण्यापूर्वी दुसरे कोणकोणते मार्ग होते आणि ते का नाकारले, हे लेखी अभ्यासून जनतेपुढे ठेवले जावे. अभ्यासाअंती रुंदीकरणच सरस ठरले, तर ते आनंदाने करावे.

असा आग्रह धरण्यास कारण आहे. गर्दीच्या वेळचा मोठा रस्ता रुंद केला, की काही काळ तो मोकळा वाटतो. मग पूर्वी रेल्वेने जाणारे मोटार काढतात, वेळ बदलून निघणारे पुन्हा गर्दीच्या वेळी निघतात, लांबवर घर घेणे परवडेल असे अनेकांना वाटू लागते, आणि रस्ता पुन्हा भरतो. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हे १९६२ मध्येच मांडले होते. ड्युरंटन आणि टर्नर या संशोधकांनी २०११ मध्ये अमेरिकेतील शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढलेली आढळली. ह्यूस्टन शहरातील केटी महामार्ग २००८ पर्यंत रुंद करून काही ठिकाणी वीसहून अधिक पदरी केला गेला. त्यानंतर २०११ ते २०१४ या तीन वर्षांत तेथे संध्याकाळच्या गर्दीत प्रवासाला लागणारा वेळ निम्म्याहून अधिक वाढला. अमेरिका दूर आहे, हे खरे. पण ठाण्याच्या खाडीपुलावर ज्याने रात्री आठ वाजता गाडी उभी केली आहे, त्याला हे परके वाटू नये.

मग दुसरे मार्ग कोणते? आपल्या भागात ते शोधायला लांब जावे लागत नाही. आसनगाव मुंबईपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आणि कसारा सुमारे १२० किलोमीटरवर. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे येताना लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या दोनच रुळांवर धावतात. लांबच्या गाडीला वाट देण्यासाठी लोकल थांबते, आणि वासिंद, आटगाव, खर्डीचे प्रवासी फलाटावर ताटकळतात. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गाला मंजुरी मिळून दशकाहून अधिक काळ लोटला. कल्याण-आसनगाव चौथा मार्ग २०१९ मध्ये मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यात आला. प्रवासी संघटना वर्षानुवर्षे या रुळांसाठी निवेदने देत आहेत. मुरबाडची कथा तर याहून जुनी. कल्याण-मुरबाड रेल्वे हे अनेक निवडणुकांतील आश्वासन. सुमारे २८ किलोमीटरच्या या मार्गाला २०१६ च्या सुमारास रेल्वेच्या अर्थसंकल्पात स्थान मिळाले, आणि निम्मा खर्च उचलण्यास राज्य शासनाने २०२३ मध्ये संमती दिली. ‘रेल्वे द्या’ एवढेच या मागणीत ऐकू येते, पण तिचा दुसरा अर्थ असा, की रस्त्याला पर्याय द्या. तरीही रस्त्याचा प्रस्ताव एका कार्यालयात तयार होतो, रुळांचा दुसऱ्या, आणि दोन्हींचा खर्च व लाभ एकाच कागदावर कोणी शेजारी शेजारी मांडत नाही.

एस. टी. हाही पर्यायच. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही ठिकाणी आगारे आहेत. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे भाडे आहे. सवलत उत्तम, पण गाडी दोन तासांनी एकदा आली, तर फुकटाचे तिकीट घेऊन थांब्यावर बसून राहण्यापलीकडे ज्येष्ठाच्या हाती काय लागते? रुंदीकरणाच्या रकमेच्या लहानशा अंशात किती गाड्या आणि किती फेऱ्या वाढतील, गर्दीच्या वेळी एक पदर केवळ बसगाड्यांसाठी राखला तर काय होईल, पायरी बुटकी असलेल्या किती बसगाड्या आणता येतील, हे हिशेब अवघड नाहीत. ते मांडण्याची सक्ती मात्र कोणावर नाही.

आणि एक पर्याय असा, की ज्याकडे रस्ता बांधणाऱ्यांचे लक्ष जाणे शक्यच नाही : प्रवासच टळणे. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्याच्या ठरावीक दिवशी हृदयरोग, नेत्ररोग आणि मूत्रविकारांचे तज्ज्ञ नेमाने बसले, तर ठाण्याकडे जाणाऱ्या किती गाड्या कमी होतील? ई-संजीवनी या शासकीय सेवेतून दूरस्थ सल्ला मिळतो. केवळ अहवाल दाखविण्यासाठी ७८ वर्षांच्या माणसाला साठ किलोमीटर नेण्याची गरज अनेकदा नसते. अशा फेऱ्या रस्त्यावरील मोजणीत ‘एक मोटार’ म्हणून नोंदल्या जातात. तीत रुग्ण होता आणि तो केवळ रक्तशर्करेचा कागद दाखवायला निघाला होता, हे मोजणाऱ्याला कसे कळणार?

आता रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या घराकडे वळू. महामार्गाचा एक पदर साधारण साडेतीन मीटरचा. चार पदर ओलांडायचे तर चौदा मीटर, आठ ओलांडायचे तर अठ्ठावीस. दुभाजक आणि सेवारस्ते वेगळेच. अनेक देशांत पादचारी दिव्याची वेळ सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरून ठरवितात. ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरील पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला. या वेगाने आजींना आठ पदर ओलांडायला पस्तीस सेकंद लागतील, तेही कोठे न थबकता. पादचारी पूल बांधला की प्रश्न सुटला, असे मानले जाते. गुडघे झिजलेल्या माणसाला चाळीस पायऱ्यांचा पूल म्हणजे बंद दरवाजाच. मग पलीकडचे देऊळ, रेशनचे दुकान, मुलीचे घर हळूहळू तुटत जाते, आणि एकटेपणा हाही आजार आहे.

आवाज आणि हवा यांविषयी थोडक्यात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आपल्याकडील २००० सालच्या नियमांत आहे. महामार्गालगत ती पाळली जाणे कठीण, आणि तुटक झोपेचा रक्तदाबाशी जवळचा संबंध आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात सुमारे ६६ लाख प्रौढांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोठ्या रस्त्यापासून पन्नास मीटरच्या आत राहणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका तीनशे मीटरपलीकडे राहणाऱ्यांपेक्षा सात टक्क्यांनी अधिक आढळला. अंतर वाढत गेले, तसा तो कमी होत गेला. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि रस्त्याकडेला राहतो म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. ज्येष्ठांचा पलंग मात्र शक्य असेल तर मागच्या खोलीत हलवावा, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत रस्त्याकडील खिडकी मिटलेली ठेवावी. घर रस्त्याकडे सरकत नाही. रुंदीकरणात रस्ता घराकडे सरकतो, एवढे ध्यानात असू द्यावे.

हे सारे प्रकल्पाच्या अहवालात आपोआप येत असेल, असा आपला समज असतो. तसे होत नाही. पर्यावरणीय आघाताच्या अहवालात पर्यायांच्या विश्लेषणाचे प्रकरण असते. परंतु २०१३ च्या दुरुस्तीनंतर, अस्तित्वात असलेल्या राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण शंभर किलोमीटरहून लांब आणि वाढीव जागा ठरावीक रुंदीपलीकडे असेल, तरच ती मंजुरी घ्यावी लागते. चोवीस-तीस किलोमीटरच्या कामाला ना अहवाल, ना जनसुनावणी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील सामाजिक आघाताची तपासणीही राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालील संपादनाला लागू नाही. म्हणजे कायदा पुरेसा विचारीत नाही. विचारायचे तर नागरिकांनाच विचारावे लागते. पुण्यात वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याबाबत नागरिकांनी तेच केले. १५ एप्रिल २०२३ रोजी निघालेल्या मोर्चात केसाला रुपेरी छटा असलेली माणसे थोडी नव्हती.

शहापूर-मुरबाडकरांपाशी पुणेकरांकडे नसलेले एक साधन आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार तेथे विकासप्रकल्पासाठी जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. ज्या तालुक्याने भातसा, तानसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईला दिले आणि ज्याचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, त्याला ‘आधी विचारा’ म्हणण्याचा हक्क निश्चित आहे.

या कामी ज्येष्ठ आणि त्यांची काळजी घेणारे यांच्यापाशी अशी माहिती आहे, जी कोणत्याही सल्लागार कंपनीपाशी नाही. येत्या पंधरा दिवसांत घरात एक साधी वही ठेवा. ज्येष्ठांसाठी झालेली प्रत्येक फेरी त्यात लिहा : कोठे, कशासाठी, किती वाजता निघालो, किती वाजता परतलो, कशाने गेलो, खर्च किती, वाटेत शौचालय मिळाले का, कोणती गोळी चुकली, आणि हे काम तालुक्यातच झाले असते का. दहा घरांच्या अशा वह्या एकत्र आल्या, की ग्रामसभेपुढे ठेवण्याजोगा पुरावा तयार होतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या परिचित तारखा. रुंदीकरणापूर्वी रेल्वे, एस. टी. आणि तालुक्यातील आरोग्यसेवा या पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास व्हावा आणि तो मराठीत प्रसिद्ध व्हावा, एवढाच ठराव मांडा. त्यात शिवीगाळही नको आणि विनवणीही नको. जमिनीची अधिसूचना निघालीच, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार हितसंबंधितांना हरकतीसाठी २१ दिवस मिळतात. ते पंचनाम्याच्या धावपळीत निसटू देऊ नका.

पर्यायांचा अभ्यास झाला आहे काय आणि असल्यास त्याची प्रत मिळावी, एवढ्या दोन ओळींचा माहिती अधिकाराचा अर्ज केला तरी सुरुवात होते. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना तेही नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. अर्ज मराठीत चालतो, आणि कारण सांगावे लागत नाही. हात थरथरतो म्हणून लिहिता येत नसेल, तर माहिती अधिकाऱ्याने तोंडी मागणी लेखी उतरवून घेण्यास मदत करावी, असेही त्याच कायद्यात आहे.