डांबराखालचा प्रश्न

२०२२ च्या अखेरीस महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाने पुन्हा उचल खाल्ली. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याच्या सीमावर्ती गावांतील लोकांनी तहसीलदारांकडे निवेदन दिले. रस्ते, पाणी, वीज आणि आरोग्य या सोयी मिळणार नसतील तर आमची गावे गुजरातला जोडा, असा त्याचा आशय होता. मागणी धक्कादायक होती, आणि म्हणूनच तिची चर्चा अस्मितेच्या अंगाने झाली. वस्तुतः निवेदनातील एक मुख्य प्रश्न रस्ता हा होता. सीमेवरचा आदिवासी शेतकरी बाजाराला, मजुरीला आणि दवाखान्याला हद्दीपलीकडे जातो. दोन राज्यांचे रस्ते तो रोज पायांनी मोजतो. त्याने तुलना केली आणि ती सरकारला ऐकविली. १९४८ साली सुरगाण्याचे संस्थान विलीन झाले, तेव्हा येथील कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांना लोकशाही राज्यात समान वाटा मिळेल असे गृहीत होते. त्या वाट्याचा सर्वांत दृश्य भाग म्हणजे रस्ता, आणि तोच दर पावसाळ्यात वाहून जातो.

रस्ता का टिकत नाही, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे : भ्रष्टाचार. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. प्रामाणिक कंत्राटदाराने प्रामाणिकपणे बांधलेला रस्ताही चुकीच्या आराखड्यामुळे दोन पावसाळ्यांत उखडू शकतो. म्हणून डांबराच्या थराखाली काय असते, हे कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

डांबरी रस्ता म्हणजे डांबर नव्हे. दाबलेली माती, तिच्यावर मुरमाचा थर, त्यावर खडीचे थर आणि सर्वांत वर डांबर-खडीचे पातळ आवरण, अशी ही रचना असते. चाकाचा भार वरून खाली पसरत जातो आणि अखेर मातीने तो पेलायचा असतो. ग्रामीण रस्त्यांवर वरचे आवरण पुष्कळदा अवघे वीस मिलिमीटर जाडीचे, म्हणजे बोटाच्या रुंदीइतके असते. भार पेलण्यात त्याचा वाटा नगण्य असतो. खालचे थर झाकणे आणि पाणी अडविणे एवढेच त्याचे काम. उद्‌घाटनाच्या दिवशी लोकांना दिसते ते हे आवरण. रस्त्याचे आयुष्य मात्र न दिसणाऱ्या थरांवर ठरते.

रस्ता कोण मोडतो, याचा शास्त्रीय शोध अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झाला. खास बांधलेल्या रस्त्यांवर दोन वर्षे मालमोटारी फिरविण्यात आल्या. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही जगभर प्रमाण मानला जातो : आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी स्थूलमानाने त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर हानी सोळापट. भारतात आराखड्यासाठी ८.१६ टनांचा आस प्रमाण धरतात. त्याची एक फेरी म्हणजे एक टन भाराच्या जीपच्या आसाच्या चार हजारांहून अधिक फेऱ्या. दाटीवाटीने माणसे भरून पाड्यावर जाणारी जीप रस्ता मोडत नाही. मोडतो तो लादलेला ट्रक.

या सूत्राचे राजकारण जुलै २०१८ मध्ये दिसले. केंद्र सरकारने चार टायरांच्या एका आसावरील अनुज्ञेय भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. वाढ सुमारे तेरा टक्के. चौथ्या घाताने हिशेब केला तर त्या आसामुळे होणारी हानी सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. वाहतूकदाराचा खर्च कमी झाला आणि तो सार्वजनिक रस्त्याच्या अंगावर पडला. नफा खासगी, झीज सार्वजनिक, या जुन्या सूत्राचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

परंतु सुरगाण्यातील आडवाटेवर ट्रक थोडे. मग तेथील रस्ता का मोडतो? याचे उत्तरही इलिनॉयच्या प्रयोगात सापडते. तेथे रस्त्यांची मोठी हानी झाली ती वसंतात, जमिनीतील बर्फ वितळून पाया ओला झाला तेव्हा. ओली माती भार पेलत नाही. सुरगाण्यात बर्फ नाही, पण सह्याद्रीचा पाऊस आहे. नार आणि पार या पश्चिमवाहिनी नद्या जेथे उगम पावतात, त्या डोंगरउतारावर चार महिने पाणी मुरत असते. ते रस्त्याच्या कडेने पायात शिरते, मुरूम मऊ करते, आणि आवरणाच्या भेगांतून उतरून डांबर व खडी यांची पकड सोडविते. मग हलके चाकही खड्डा पाडू शकते.

मातीची ताकद मोजण्याची कॅलिफोर्नियातील कसोटी आपण स्वीकारली आहे. तीत मातीचा नमुना चार दिवस पाण्यात भिजवून मग तपासतात, म्हणजे पाण्याचे सामर्थ्य शास्त्राला ठाऊक आहे. उपायही ठाऊक आहेत आणि ते स्वस्त आहेत. रस्त्याला मधून कडेकडे मीटरमागे सुमारे तीन सेंटिमीटर उतार हवा. डोंगराच्या बाजूस पक्के गटार हवे, ओहोळ जेथे रस्ता ओलांडतो तेथे पुरेशी मोरी हवी, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच होऊ देता कामा नये. डांबर-खडीचे गरम मिश्रण सुमारे दीडशे अंशांवर तयार होते, आणि नव्वद-शंभर अंशांच्या खाली उतरण्यापूर्वी त्याची दबाई पुरी व्हावी लागते. मिश्रणाचा कारखाना दूर सपाटीवर आणि काम घाटापलीकडच्या पाड्यावर असेल, तर मिश्रण वाटेतच निवते. मग रोलर कितीही फिरविला तरी पोकळ्या राहतात आणि पहिल्याच पावसात पाणी आत शिरते. कारखाना कोठे उभारावा हा म्हणूनच न्यायाचाही प्रश्न आहे.

आता आराखड्याकडे वळू. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७० साली डांबरी रस्त्यांच्या जाडीचे पहिले मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात मातीची ताकद आणि रोजच्या व्यापारी वाहनांची संख्या हे आधार होते. १९८४ च्या सुधारणेत रस्त्याच्या साऱ्या आयुष्यातील प्रमाण आसांची बेरीज आली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यात एक चक्र दडलेले आहे. रस्ता वाईट म्हणून वाहने येत नाहीत, वाहने कमी म्हणून रस्त्याचा दर्जा कमी, दर्जा कमी म्हणून रस्ता टिकत नाही. मागासलेपण हे येथे कारणही होते आणि परिणामही. वाहनांच्या मोजणीत डोलीतून नेलेली बाळंतीण येत नाही. बोरगावच्या परिसरात स्ट्रॉबेरी पिकते. या नाजूक फळाचे खड्ड्यांतून जाताना होणारे नुकसानही मोजणीत येत नाही. ज्याची मोजणी होत नाही, त्याची किंमत शून्य धरली जाते.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. पैसा थोडा आहे, तेव्हा आधी सर्व वाड्या-पाड्यांना कसाबसा रस्ता पोहोचवा, मजबुतीचे नंतर पाहू. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने आदिवासी व डोंगरी भागांत अडीचशे लोकवस्तीपर्यंतच्या गावांना जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि त्या योजनेचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु रस्ता पोहोचणे आणि रस्ता राहणे या दोन गोष्टी आहेत. जागतिक बँकेच्या १९८८ च्या अहवालाने ८५ विकसनशील देशांचा हिशेब मांडला होता. देखभाल न केल्यामुळे वीस वर्षांत सुमारे ४५ अब्ज डॉलरचे रस्ते नष्ट झाले. वेळीच देखभाल केली असती तर १२ अब्जांहूनही कमी खर्चात ते वाचले असते. जागतिक बँकेची शिफारस डोळे झाकून मानावी असे नव्हे, पण बेरीज-वजाबाकीला पक्ष नसतो. गरीब राज्याला कच्चा रस्ता परवडतच नाही, कारण तो त्याला पुन्हा पुन्हा विकत घ्यावा लागतो.

डांबरी रस्ता आपल्या पावसात टिकूच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी पुण्याचा जंगली महाराज रस्ता आठवावा. १९७६ साली मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीने तो दहा वर्षांच्या हमीवर बांधला, आणि हमीची मुदत संपल्यावरही अनेक वर्षे त्याने साथ दिली. पुण्याचा पाऊस सुरगाण्याचा नव्हे, हे खरे. तथापि त्या रस्त्याचा धडा पावसापुरता नाही. बांधणाऱ्याने टिकाऊपणाची जबाबदारी घेतली, एवढे तंत्र त्याला पुरले. ग्रामीण रस्त्यांच्या आराखड्यात आयुष्य साधारणतः दहा वर्षांचे धरतात, ग्रामसडक योजनेत कंत्राटदाराकडे देखभाल मात्र पाच वर्षांची असते. उरलेली पाच वर्षे रस्ता कोणाचा? जेवढे आयुष्य कागदावर, तेवढीच हमी करारात, ही मागणी मुळीच अवास्तव नाही.

दुसरी मागणी श्रमाची आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर खडी फोडून महाराष्ट्राच्या गरिबांनी मैलोगणती रस्ते उभे केले. त्या हातांना रस्ता बांधण्याचे काम मिळाले, राखण्याचे मिळाले नाही. पूर्वी मैलकुली आपापल्या टप्प्याचे गटार उपसत असे, लहान खड्डा मोठा होण्याआधी बुजवीत असे. आज सुरगाण्याचा मजूर दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत किंवा गुजरातेत जातो, आणि मे महिन्यात त्याच्याच गावच्या रस्त्याचे गटार तुंबलेले राहते. प्रत्येक ग्रामीण रस्त्यासाठी त्याच गावातील स्त्री-पुरुषांची कायम वेतनाची टोळी नेमली, तर रस्ता टिकेल आणि थोडेफार स्थलांतरही थांबेल. या खर्चाला अनुत्पादक म्हणणे हे वर सांगितलेल्या आकड्यांपुढे टिकत नाही.

तिसरी गोष्ट लोकांच्या अधिकाराची. सुरगाणा अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विकासकामांबाबत अधिकार दिले. २००६ च्या वनाधिकार कायद्याने तर वनजमिनीवरील लहान रस्त्यासाठी ग्रामसभेचीच शिफारस आवश्यक केली. २०१८ च्या मार्चमध्ये याच वनजमिनीच्या हक्कासाठी सुरगाण्याचे शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले. रक्ताळलेल्या पायांचे ते चित्र देशाने पाहिले. जे लोक एवढे अंतर चालू शकतात, ते आपल्या गावच्या रस्त्याचे थरही मोजू शकतात. ग्रामसडक योजनेच्या कामावर मराठीत फलक असतो, आणि कोणत्या थरात किती माल पडला हे त्यावर लिहिलेले असावे लागते. तो फलक ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. काम चालू असताना गावातील शिकलेल्या मुलामुलींनी प्रत्येक थराची जाडी पट्टीने मोजून वहीत नोंदवावी. गटार आणि मोरी पूर्ण झाल्याखेरीज काम पूर्ण झाल्याचा दाखला ग्रामसभेने देऊ नये.

आजवर आंदोलनांची घोषणा ‘रस्ता द्या’ अशी राहिली आणि सरकारने आवरण दिले. यापुढे मागणी नेमकी हवी : गटारासह, मोरीसह, दहा वर्षांच्या हमीसह, आणि राखणाऱ्या हातांच्या वेतनासह रस्ता. सीमेवरच्या गावांना महाराष्ट्रात का राहावे हे भाषणांनी पटवून देता येणार नाही. आश्विन सरल्यावरही जागेवर असलेला रस्ता ते पटवून देईल.