सही आईची, वाचणार कोण?

तुमच्या आईने शाळा व्यवस्थापन समितीच्या रजिस्टरवर कधी सही केली आहे का? आज घरी विचारून बघा. धाकटा भाऊ किंवा बहीण झेडपीच्या शाळेत असेल आणि आई समितीवर असेल, तर उत्तर बहुधा असं येईल, ‘केली न. पण मले काय समजते त्यातलं?’

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं, शाळेचा विकास आराखडा करणं ही समितीची कामं. म्हणजे कागदावर तरी तुमची आई शाळेचा कारभार तपासणारी आहे.

मग घोडं अडतं कुठे? दिवाळीच्या सुमारास अकोट, दर्यापूरकडे कापूस फुटलेला असतो आणि सभा लागते सकाळी अकराला. वेचणीची मजुरी किलोवर. सभेला गेलं की दिवस बुडाला. तरी ‘पालकच उदासीन’ म्हणायला आपण मोकळे! मेळघाटात तर कित्येक आईबाप कामासाठी गावच सोडतात. त्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवता येतं. पण कोणाची मुलं मागे राहणार, ही यादी आईबाप निघायच्या आधी व्हायला हवी. ती करणार कोण? समितीच जागेवर नसेल तर पोरगं आईबापामागे जातं आणि शाळा सुटते.

इथे तुमचं काम आहे. गल्लीतल्या सगळ्यांचे स्कॉलरशिपचे फॉर्म तुम्हीच भरता ना? मग सभा संध्याकाळी सातनंतर समाजमंदिरात घ्या, असं मुख्याध्यापकांना सांगा. काहींना ते आवडणार नाही; कागदपत्रांनी वैतागलेल्या बऱ्याच गुरुजींना मात्र बरंच वाटेल. सहीआधी ठराव आईला आपल्या बोलीत वाचून दाखवा. अनुदान किती आलं? मुलींच्या संडासाला कुलूप का? गणिताचे सर किती दिवसांपासून नाहीत?

फक्त सभेत तिच्या वतीने तुम्ही बोलू नका. प्रश्न तिलाच विचारू द्या, वऱ्हाडीत. आणि पहिला वेचा सुरू व्हायच्या आत सभा कधी आहे, तेवढं उद्याच शाळेत जाऊन विचारून या.